पाचारण : हाक कुणाची, निर्णय कुणाचा?

  

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. जुलै २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या दुर्ग रेल्वे स्टेशनवर केरळच्या दोन कॅथलिक सिस्टरना अटक झाली. आठवडाभराने त्यांना जामीन मिळाला. ते प्रकरण न्यायालयाचं आहे, त्यावर मी इथे बोलणार नाही. पण त्या दिवसांत सकाळच्या फेरीला निघालेल्या आमच्या मंडळींत एकाने विचारलं, "अहो, पण या सिस्टर होतात तरी कशा? कोण करतं त्यांना? घरचे कसे तयार होतात?" आपल्यापैकी कित्येकांची मुलं सिस्टरांच्या शाळेत शिकली, कित्येकांची बाळंतपणं त्यांच्या दवाखान्यात झाली. तरी उत्तर कुणाकडेच नव्हतं.

मग थोड्याच दिवसांनी ओळखीच्या एक ताई भेटल्या. कॅथलिक कुटुंब, घरात मराठी बोलणारं. त्यांची मुलगी शिकलेली, नोकरी करणारी. तिने घरी सांगितलं होतं की मला सिस्टर व्हायचं आहे. बाबांनी बोलणं टाकलं, आजी मात्र खूश. ताई मला म्हणाल्या, "काका, तिला खरंच तसं वाटतंय, की लग्नाचा विषय टाळायचाय? हे मी आई म्हणून ओळखू कसं?"

मी कॅथलिक नाही. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्याकडे कॉन्व्हेंट म्हटलं की इंग्रजी शाळा. मूळ अर्थ तो नाही. धर्मभगिनी एकत्र राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट. त्यांनी शाळा काढल्या आणि घराचं नाव शाळेला चिकटलं.

दुसरा शब्द पाचारण. मराठी ख्रिस्ती लोक हा शब्द नेहमी वापरतात. पाचारण म्हणजे बोलावणं. देव माणसाला एका विशिष्ट जीवनासाठी हाक देतो, अशी श्रद्धा त्यामागे आहे. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाचारण फक्त सिस्टर आणि फादर यांनाच असतं, असं कॅथलिक चर्च म्हणत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली स्पष्ट सांगितलं की पवित्र जीवनाची हाक प्रत्येक ख्रिस्ती माणसाला आहे. लग्न करून संसार करणं हेही पाचारणच. तेव्हा "संसार हलका आणि मठ थोर" असं समजून कुणी मुलगी निघाली असेल, तर तिची सुरुवातच चुकीच्या जागेवरून होते.

आणि निवड म्हणजे काय? आपल्या मनात उठणाऱ्या ओढींपैकी कोणती खरी, कोणती भीतीतून आली, कोणती कौतुकाच्या लोभातून आली, हे शांतपणे वेगळं करणं. तांदूळ निवडतो तसं. आपण त्याला विवेक म्हणू. आजचा विषय हाच आहे.

सिस्टर एका दिवसात होत नाही

पुष्कळांना वाटतं, मुलगी मठात गेली की संपलं. तसं नाही. कॅथलिक चर्चचा कायदा आहे, सध्याची संहिता १९८३ ची. तिच्यात पायऱ्या आणि वयं ठरलेली आहेत.

पहिली पायरी उमेदवारीची. मुलगी त्या संस्थेच्या सिस्टरांबरोबर राहते, त्यांचं काम पाहते, शिकत असेल तर शिक्षण पूर्ण करते. प्रत्येक संस्थेचे याबाबतचे नियम वेगळे.

दुसरी पायरी नोव्हिशिएट. तिथल्या मुलीला नोव्हिस म्हणतात, मराठीत नवशिष्या म्हणू. वयाची सतरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय इथे प्रवेश नाही. लग्न झालेलं असेल आणि ते लग्न कायम असेल तर प्रवेश नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बळजबरीने, मोठ्या भीतीपोटी किंवा फसवणुकीने कुणी आत आली असेल, तर तो प्रवेशच कायद्याने रद्द ठरतो. नोव्हिशिएट कमीत कमी बारा महिन्यांचा असतो. या काळात प्रार्थना, मौन, धर्मग्रंथाचा अभ्यास, घरकाम, आणि एका अनुभवी सिस्टरच्या देखरेखीखाली स्वतःला पारखणं. नोव्हिस कधीही घरी जाऊ शकते, आणि संस्थाही तिला नको म्हणू शकते. पारख दोन्ही बाजूंनी चाललेली असते.

तिसरी पायरी तात्पुरत्या व्रतांची. व्रतं तीन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. त्यासाठी वय किमान अठरा. ही व्रतं ठरावीक मुदतीची असतात. असा काळ सर्वसाधारणपणे तीन ते सहा वर्षांचा, आणि गरज पडली तर एकूण नऊ वर्षांपर्यंत वाढवता येतो. मुदत संपली की सिस्टर मोकळी. तिला जायचं असेल तर जाता येतं.

चौथी पायरी अंतिम व्रतांची. वय किमान एकवीस. म्हणजे हिशेब केला तर उमेदवारीपासून अंतिम व्रतांपर्यंत सहा-सात वर्षं सहज जातात, अनेकदा त्याहून जास्त. आपल्याकडे मुलगी पाहून, पसंती कळवून, पत्रिका जुळवून तीन महिन्यांत लग्न उरकतं. तुलनेला एवढं पुरे.

पैशांचंही सांगतो, कारण आमच्या मंडळींनी तेही विचारलं होतं. पहिल्या व्रतांआधी सिस्टरने आपल्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवायचा असतो आणि अंतिम व्रतांआधी मृत्युपत्र करायचं असतं. पुढे तिच्या कामाचा पगार संस्थेचा होतो. या पगारावर आयकर कापावा की नाही, हा वाद आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टरांच्या पगारातूनही कर कापला जाईल, असा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये लागला. पैसा संस्थेला जात असला तरी कायद्याच्या नजरेत तो पगारच.

तराजूचा काटा

आता ताईंच्या प्रश्नाकडे वळू. ओळखायचं कसं?

कॅथलिक परंपरेत या बाबतीत सर्वांत जास्त मान आहे तो इग्नेशियस लोयोला यांच्या पद्धतीला. हे मूळचे स्पेनमधले बास्क सरदार. १५२१ साली पाम्प्लोना इथल्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. शौर्याच्या आणि दरबारातल्या स्त्रियांच्या स्वप्नांत रमलं की मजा यायची, पण नंतर मन कोरडं पडायचं. संतांसारखं जगण्याचा विचार केला की आनंद यायचा, आणि तो नंतरही टिकायचा. पुढे त्यांनी जेजुइट संघ स्थापन केला. त्यांचं 'आध्यात्मिक साधना' हे पुस्तक १५४८ साली पोपच्या मान्यतेने छापलं गेलं.

त्यातल्या काही गोष्टी साध्या शब्दांत सांगतो.

एक : आनंदाच्या भरात व्रत घेऊ नये. मन उचंबळून आलं आहे, डोळ्यांत पाणी आहे, अशा वेळी साधना करवून घेणाऱ्याने उलट सावध करायचं.

दोन : मन उदास आणि कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. दिवस फिरू द्यावेत, मग पाहावं.

तीन : जी गोष्ट कुणाला सांगू नये असं मनातून वाटतं, तिच्यावर संशय घ्यावा. जाणत्या, विश्वासू माणसापुढे ती उघड करावी.

चार : स्वतःला तिऱ्हाईत समजावं. अगदी अनोळखी माणूस हाच पेच घेऊन आपल्याकडे आला, तर त्याला आपण काय सांगू? तेच स्वतःला सांगावं. किंवा मरणाच्या वेळी मागे वळून पाहताना कोणता निर्णय घेतलेला बरा वाटेल, हे मनात आणावं.

पाच : दोन्ही वाटांचे फायदे-तोटे चार रकान्यांत मांडावेत आणि बुद्धी कुठे झुकते ते पाहावं.

आणि सहावी गोष्ट मार्गदर्शकासाठी आहे. साधना करवून घेणाऱ्याने शिष्याला व्रताकडेही ढकलू नये आणि व्रतापासून ओढूही नये. तराजूच्या काट्यासारखं मधोमध उभं राहावं. सोळाव्या शतकात, धर्मसंघ स्थापन करणाऱ्या माणसाने हे लिहून ठेवलं आहे. जो सिस्टर, फादर किंवा नातेवाईक मुलीला "तू आलीच पाहिजेस" म्हणतो, तो इग्नेशियसच्या नियमाप्रमाणे चुकतो. "गेलीस तर तोंड दाखवू नकोस" म्हणणारा बापही तसाच चुकतो.

जुन्या गोव्यातला मठ

हे नियम इतके जपून का करावे लागले? कारण इतिहासात उलटंही घडलं आहे.

जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा भव्य मठ आहे. आर्चबिशप आलेक्सो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने १६०६ साली त्याचं काम सुरू झालं आणि १६२७ मध्ये पुरं झालं. पूर्वेकडच्या पहिल्या स्त्री-मठांपैकी तो एक. तिथे श्रद्धेने आलेल्या स्त्रिया होत्याच. पण त्या काळात युरोपात आणि पोर्तुगीज वसाहतींत खानदानी घरांपुढे एक व्यवहाराचा प्रश्न असे. सगळ्या मुलींची तोलामोलाची लग्नं करायला हुंडा पुरत नसे. मठातही हुंडा द्यावा लागे, पण तो बहुधा कमी असे. मग कुणाला हाक आली हे देवापेक्षा घरातला कारभारी ठरवी.

चर्चला हे ठाऊक होतं. म्हणूनच ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये ठरवलं की मुलीला बळजबरीने मठात घालणारा धर्मबहिष्कृत होईल, आणि व्रतं देण्याआधी बिशपने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तिची इच्छा तिलाच विचारून घ्यावी. नियम कागदावर आला. तो घराघरांत उतरायला मात्र शतकं लागली.

त्याच सांता मोनिकाच्या वास्तूत १९६४ पासून मातेर देई इन्स्टिट्यूट आहे. सिस्टरांना धर्मशास्त्राचं आणि आध्यात्मिक जीवनाचं शिक्षण देणारी ही संस्था. जिथे कधीकाळी मुलींच्या वतीने दुसऱ्यांनी ठरवलं असेल, तिथे आज स्त्रिया आपल्या निर्णयाचा अर्थ अभ्यासतात.

रांचीच्या चौघी

आता आमच्या बाजूची गोष्ट. छत्तीसगडला लागून झारखंड. तिथे रांचीत १८९७ मध्ये नेमकं उलट घडलं. इथे घरच्यांना मुलींची लग्नं करायची होती आणि मुलींना व्रत घ्यायचं होतं.

मेरी बर्नादेत प्रसाद किस्पोट्टा ही उराँव आदिवासी मुलगी, जन्म १८७८ चा. लोरेटो सिस्टरांच्या शाळेत शिकत असताना तिच्या आणि तिच्या तीन मैत्रिणींच्या मनाने घेतलं की आपणही अशाच जगायचं. सेसिलिया, वेरोनिका आणि मेरी या त्या तिघी. घरचे रागावले. समाजात अविवाहित बाईला जागाच नव्हती. मिशनऱ्यांनाही शंका होती की आदिवासी मुलींना हे जीवन पेलेल का. म्हणजे घरचे नको म्हणतात आणि ज्यांच्याकडे जायचं तेही साशंक. तरी चौघी हटल्या नाहीत. अखेर २६ जुलै १८९७ रोजी त्यांच्यापासून 'डॉटर्स ऑफ सेंट ॲन' हा संघ सुरू झाला. आज या सिस्टर छत्तीसगडच्या गावांतही काम करतात. मेरी बर्नादेत १९६१ साली वारल्या, आणि २०१६ मध्ये चर्चने त्यांना संतपदाच्या वाटेवरची पहिली पदवी, 'देवसेविका', दिली.

या गोष्टीत मला एक खूण दिसते. या मुलींना कुणी फशी पाडलं नव्हतं. त्यांना कुणी बोलावतही नव्हतं. सगळीकडून नकार येत असताना जी ओढ वर्षानुवर्षं तशीच राहते, ती वरवरची नसते.

थांबून पाहणं

मदर तेरेसांचं उदाहरण आपल्या सर्वांना जवळचं. त्या १९२८ साली, वयाच्या अठराव्या वर्षी लोरेटो संघात गेल्या. १९३१ मध्ये पहिली व्रतं, १९३७ मध्ये अंतिम. मग १० सप्टेंबर १९४६ ला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना वाटलं की मठ सोडून गरिबांतल्या गरिबांबरोबर राहायचं. त्यांनी दुसऱ्या दिवशी बॅग भरली नाही. आपले आध्यात्मिक मार्गदर्शक फादर व्हॅन एक्सेम यांना सांगितलं. त्यांनी थांबवलं. कलकत्त्याचे आर्चबिशप पेरिये यांनी आणखी थांबवलं. जवळजवळ दोन वर्षं गेली. १७ ऑगस्ट १९४८ ला त्या बाहेर पडल्या. तेव्हाही थेट वस्तीत काम सुरू केलं नाही. आधी पाटण्याला जाऊन रुग्णसेवेचं शिक्षण घेतलं. ७ ऑक्टोबर १९५० ला त्यांच्या संघाला मान्यता मिळाली.

खरी हाक थांबवल्याने मरत नाही, असा या परंपरेचा अनुभव आहे. म्हणून "आत्ताच ठरव" म्हणून घाई करणाऱ्यापासून दूर राहावं.

रमाबाईंचा नकार

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्या कॅथलिक नव्हत्या, पण प्रसंग आपल्या विषयाचाच आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या अँग्लिकन सिस्टरांकडे राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या गुरुस्थानी. पण काय मानावं आणि कुणाचं ऐकावं यावरून दोघींत खूप पत्रव्यवहार झाला. रमाबाईंनी श्रद्धा स्वीकारली, पण आपली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हाती द्यायला नकार दिला. त्या सिस्टर झाल्या नाहीत. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेकडो बायकांना आसरा दिला.

आजच्या कॅथलिक कायद्यात यासंबंधी एक नियम आहे. वरिष्ठ सिस्टरने आपल्या हाताखालच्या सिस्टरला मनातलं उघड करायला कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये. विश्वासाने कुणी स्वतः सांगितलं तर ठीक. आज्ञापालनाचं व्रत असलं तरी मनाच्या आतल्या खोलीची किल्ली जिची तिच्याकडेच.

ज्या परत येतात

आता एक अवघड गोष्ट. काही मुली परत येतात. कुणी सहा महिन्यांनी, कुणी व्रतांची मुदत संपल्यावर, कुणी अंतिम व्रतांनंतर रीतसर परवानगी घेऊन. आणि मग गल्लीत कुजबुज सुरू होते. "काहीतरी झालं असेल." लग्न जमायला अडचण, नोकरीत मधली वर्षं रिकामी.

मला वाटतं, हा प्रश्न मुलगी जाण्याआधीच घरात बोलला गेला पाहिजे. कारण कायद्यात असं आहे की संघ सोडणाऱ्या व्यक्तीला तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. मात्र संघाने तिच्याशी न्यायाने आणि ख्रिस्ती प्रेमाने वागावं, असंही त्याच कलमात आहे. प्रेमाचं माप मात्र कलमात लिहिता येत नाही. म्हणून हातात शिक्षण असलेलं बरं आणि घराचं दार उघडं असलेलं त्याहून बरं.

ज्या मुलीला ठाऊक आहे की परत आले तरी आई जेवायला वाढेल, तीच मोकळ्या मनाने पुढे जाऊ शकते किंवा मागे फिरू शकते. परतीची वाट बंद केली की राहणं ही निवड उरत नाही, ती अडकणूक होते. नोव्हिशिएटमधून परत आलेली मुलगी नापास झालेली नसते. पारख करायची म्हणूनच तो काळ ठेवलेला आहे, आणि "ही माझी वाट नाही" हेही पारखीचं खरं उत्तर आहे.

ताईंना मी काय सांगितलं

पुन्हा ताई भेटल्या तेव्हा मी म्हटलं, तुमच्या मुलीला प्रश्न विचारा, पण उलटतपासणीसारखे नको. चहा घेता घेता विचारा. ही ओढ तुला पहिल्यांदा कधी वाटली, आणि बऱ्या-वाईट दिवसांतून ती टिकली का? लग्नाचं चांगलं स्थळ उद्या आलं तरी तुला हेच हवं असेल का? तू कशापासून दूर पळते आहेस, की कशाकडे जाते आहेस? त्या सिस्टरांबरोबर पंधरा दिवस राहून त्यांचं भांडण, थकवा, स्वयंपाकघर पाहिलं आहेस का? तुला "थांब" म्हणेल असा कुणी मार्गदर्शक आहे का? आणि तुझ्या आजीला आनंद व्हावा म्हणून तर तू हे करत नाहीस ना?

शेवटच्या प्रश्नावर ताई हसल्या. मग डोळे पुसले. म्हणाल्या, "काका, हे प्रश्न तर माझ्या लग्नाच्या वेळीही मला कुणी विचारले नव्हते."

मंडळी, या विषयावर बोलायचं मी तेव्हाच ठरवलं. आपल्या घरातली मुलगी कुठल्याही धर्माची असो, तिला संसार करायचा असो, दीक्षा घ्यायची असो, की परदेशी शिकायला जायचं असो, हे प्रश्न तिला विचारायला हवेत आणि तिचं उत्तर ऐकून घेण्याएवढा धीर आपल्याला हवा.

ताईंच्या मुलीने अजून काही ठरवलेलं नाही. एक वर्ष नोकरी करत राहायचं, महिन्यातून एकदा मार्गदर्शकाशी बोलायचं आणि मग पाहायचं, असं घरात ठरलं आहे. बाबा तिच्याशी पुन्हा बोलू लागले आहेत. सध्या एवढं पुष्कळ आहे.

आपल्या ओळखीत कुणी अशा वळणावर उभं असेल तर हा भाग त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर भिलाईहून नमस्कार.